इंग्लंडमधला छात्रसेवाकाळ संपवून परतल्यावर : मागच्या बाकावर आता कोणी बसत नाही

धागाकर्ती : सांगलीच्या बाई

मी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये प्राथमिक शिक्षणाच्या पीजीसीई या पदवीनंतरच्या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमासाठी इंग्लंडमधील लेस्टर येथे गेले आणि २०२३ च्या जुलैमध्ये सांगलीला परतले. त्याआधी पदवी आणि डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) पूर्ण करून मी दोन वर्षे येथील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते. परतल्यावर त्याच शाळेत पुन्हा रुजू झाले. सध्या माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे आणि पटावर ४६ मुले आहेत.

परदेशी शिकून आलेल्या माणसाला जे विचारले जाते ते मलाही विचारले गेले. थंडी सोसली का, जेवणाचे काय करत होतीस, तिकडेच नोकरी का धरली नाहीस. विचारणाऱ्यांच्या मनात आपुलकीच होती, त्यामुळे मी सर्वांना मनापासून उत्तरे दिली. पण तिथे जाऊन तू शिकवण्यातले नेमके काय शिकलीस, असे कोणी विचारले नाही, आणि कोणी विचारले असते तरी पहिल्या काही महिन्यांत मला ते नीट सांगता आले नसते. आता थोडेफार सांगता येईल असे वाटते, म्हणून हा धागा काढते आहे.

पीजीसीई जेमतेम दहा महिन्यांचा असतो, पण त्यातले किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात आणि तेही दोन वेगवेगळ्या शाळांत. हाच छात्रसेवाकाळ. माझी पहिली शाळा लेस्टर शहरात होती. वर्गात सहा-सात वर्षांची २९ मुले होती, त्यांपैकी निम्म्याहून अधिक घरी गुजराती बोलणारी. दुसरी शाळा जवळच्या एका लहान गावात होती आणि तेथे जवळजवळ सर्व मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. दोन्ही ठिकाणी माझ्या मार्गदर्शक शिक्षिका आठवड्यातून किमान एकदा माझा पूर्ण पाठ पाहत आणि त्यानंतर तासभर माझ्याबरोबर बसत.

पहिल्याच महिन्यातला एक पाठ सांगते. विषय होता सम आणि विषम संख्या. पाठ रंगला असे माझे मत होते, कारण मुले भराभर उत्तरे देत होती. शाळा सुटल्यावर मार्गदर्शक बाईंनी त्यांचा कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर शेरा नव्हता, गुण नव्हते, नुसत्या वेळा आणि नोंदी होत्या. दहा वाजून पाच मिनिटे ते सव्वादहा : प्रश्न ३१. उत्तर देणारी मुले ४. प्रश्नानंतरचे थांबणे सुमारे एक सेकंद. आणि त्याखाली एक ओळ अशी होती, की खिडकीजवळच्या मुलीने तीन वेळा बोलण्यासाठी तोंड उघडले आणि तिन्ही वेळा मिटले, कारण तोवर पुढचा प्रश्न आला होता. त्या मुलीचे घर गुजराती होते. माझा इंग्रजी प्रश्न समजून घेऊन इंग्रजीत उत्तर जुळवायला तिला जेवढा वेळ हवा होता तेवढा मी कधी दिलाच नव्हता. भरवर्गात ती माझ्यापासून तीन हातांवर बसलेली होती आणि मला ती दिसली नव्हती.

अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच हे मोजून दाखवले होते. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबतात; हेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले तर मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. हे मी पुस्तकात वाचले होते, त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिले होते. पण स्वतःचा ३१ हा आकडा पाहिल्यावर जे कळले ते त्या वाचनातून कळले नव्हते.

आता मूळ मुद्दा. परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षभरात माझ्या वर्गात अनेक मोठी माणसे येऊन गेली. पोषण आहाराची नोंद घ्यायला, आधार कार्डांच्या प्रती मागायला, कोणत्या तरी उपक्रमाचे छायाचित्र काढायला. माझे शिकवणे पाहायला एकही माणूस आला नाही. गेल्या महिन्यात एका दिवशी मी फोन टेबलाच्या खणात ठेवून केवळ माझा आवाज दहा मिनिटे ध्वनिमुद्रित केला आणि घरी जाऊन प्रश्न मोजले. ते ३४ होते. लेस्टरला वर्षअखेरीस मी ते बारा-तेरावर आणले होते. म्हणजे जे शिकले ते वर्षभरात हातातून निसटले, आणि निसटताना मला कळलेही नाही.

परदेशी छात्रसेवाकाळ करून परतलेले आणखी कोणी येथे असतील तर त्यांनी सांगावे, की स्वतःच्या शिकवण्याकडे पाहण्याची तेथे मिळालेली नजर तुम्ही कशी टिकवली? आणि जे कधी बाहेर गेले नाहीत त्यांनीही लिहावे, कारण हा प्रश्न केवळ परतणाऱ्यांचा आहे असे मला वाटत नाही.

प्रतिसाद : पाटीपेन्सिल

बाई, अनुभव फार मोलाचा आहे. माझी पुतणी याच अभ्यासक्रमाचा विचार करते आहे, म्हणून एक व्यवहाराचा प्रश्न विचारते. पीजीसीई करून आल्यावर आपल्याकडे शिक्षक म्हणून नोकरी मिळते का, की पुन्हा बी.एड. करावे लागते?

प्रतिसाद : सांगलीच्या बाई

पाटीपेन्सिल ताई, पुतणीला जाण्याआधीच हे स्पष्ट करून घ्यायला सांगा. केंब्रिज किंवा आयबी मंडळाच्या खासगी शाळांत पीजीसीईला किंमत आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत मात्र राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ठरवलेली अर्हता आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. त्यातही पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. हवे, बी.एड. झालेल्यांना प्राथमिक स्तरासाठी पात्र धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला आहे. माझ्याकडे डी.एल.एड. आणि टीईटी आधीच असल्यामुळे अडचण आली नाही. नुसत्या पीजीसीईच्या भरवशावर ती अनुदानित शाळेत येऊ पाहील तर दार बंद असेल.

प्रतिसाद : निवृत्त केंद्रप्रमुख

मी कोल्हापूर जिल्ह्यात आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि अखेरीस केंद्रप्रमुख, म्हणजे परिसरातील शाळांच्या समूहाचा पर्यवेक्षक, म्हणून काम केले. बाईंच्या लिखाणातील तळमळ मला पोचली, तरी दोन गोष्टी नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

पहिली अशी, की पाठ पाहण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती असे नाही. आमच्या डी.एड.च्या काळात सराव पाठ म्हणजे धास्ती असायची. आदल्या रात्री टाचण लिहायचे, सकाळी ते अध्यापकांकडून तपासून घ्यायचे, आणि मग ते मागच्या बाकावर निरीक्षण वही उघडून बसले की आमच्या हातातला खडू कापायचा. सोबतचे छात्राध्यापकही मागे बसून आमचा पाठ लिहून घेत. नोकरी लागल्यावर मुख्याध्यापकांनी शिक्षकांचे पाठ पाहून लॉगबुकात नोंद करावी, हा नियम होता आणि आजही आहे. ही वही बहुतेक शाळांत सापडेल. तिच्यात काय लिहिलेले असते ते मात्र सर्वांना ठाऊक आहे : फलकलेखन चांगले, शैक्षणिक साधनाचा वापर केला, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला. मीही अशी वाक्ये शेकड्यांनी लिहिली आहेत आणि आज त्याचे वाईट वाटते. बाईंच्या मार्गदर्शक शिक्षिकेने त्या खिडकीजवळच्या मुलीबद्दल जी एक ओळ लिहिली तशी ओळ माझ्या सगळ्या लॉगबुकांत मिळून एखादी तरी असेल का, याचा मी काल रात्री विचार करत होतो.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे वर्गात मागे येऊन बसणारा माणूस म्हणजे तपासणी, असे समीकरण पक्के झालेले आहे. मी केंद्रप्रमुख असताना वर्गात पाऊल टाकले की शिक्षक शिकवणे थांबवून मुलांना उभे करत, नमस्ते म्हणायला लावत आणि मग मुलांना पाठ असलेलाच धडा पुन्हा सुरू करत. अशा वेळी मी जे पाहिले ते खरे शिकवणे नव्हते. या शाळासमूहाची म्हणजे केंद्राची शिक्षण परिषदही दरमहा शिक्षकांनी एकमेकांचे चांगले पाठ पाहावेत म्हणूनच सुरू झाली होती, आणि पाहता पाहता ती परिपत्रके वाचून दाखवण्याची सभा झाली.

म्हणून माझे सांगणे असे, की वरिष्ठांनी येऊन पाहावे ही अपेक्षा सोडा. तुमच्याच पायरीवरच्या, ज्यांच्या हातात तुमचा गोपनीय अहवाल नाही अशा एखाद्या सहकाऱ्याला बोलवा. त्यांचा वर्ग तेवढा वेळ कोणी सांभाळायचा हा खरा पेच आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत परिपाठानंतर मुख्याध्यापकांना वीस मिनिटे तो वर्ग घ्यायला सांगून पाहा. बहुतेक मुख्याध्यापक मूळचे शिक्षकच असतात, आणि वर्गावर जायला मिळाले तर त्यांना बरेच वाटते.

प्रतिसाद : यारानदी

मी मेलबर्नला दोन वर्षांचा मास्टर ऑफ टीचिंग केला आणि पुण्याला परत आलो. ऑस्ट्रेलियात पदवीनंतरच्या अशा अभ्यासक्रमात किमान ६० दिवस शाळेत शिकवावे लागते.

बाईंना माझ्या चुकीतून काही घेता आले तर पाहावे, म्हणून सांगतो. परत आल्यावर पहिल्या महिन्यात मी शिक्षकखोलीत दिवसातून दहा वेळा तरी ‘तिकडे असे असते’ हे वाक्य बोलत होतो. माझ्या मनात फुशारकी नव्हती. खरे तर मला तिथल्या वर्गाची आठवण येत होती आणि ती बोलून दाखवायला दुसरे कोणी नव्हते. पण त्या खोलीत वीस-वीस वर्षे पन्नासच्या पटाला शिकवणारी माणसे बसलेली होती. त्यांच्या कानांवर माझे वाक्य कसे पडत असेल हे मला समजायला दोन महिने लागले. एके दिवशी एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले, ‘सर, तिकडचे सांगितलेत. आता आमच्यापैकी कोणाचा वर्ग पाहिलात का?’ मी एकाचाही पाहिला नव्हता.

त्यानंतर सहा महिने मी ते वाक्य उच्चारले नाही आणि मोकळ्या तासिकेला परवानगी घेऊन इतरांच्या वर्गात बसू लागलो. त्याच ज्येष्ठ बाई पाचवीला अपूर्णांक शिकवत होत्या. भाकरीचे चतकोर, अर्धी भाकरी, पाऊण भाकरी यांवरून त्या समान छेदापर्यंत ज्या रीतीने गेल्या तसा पाठ मला मेलबर्नमध्ये पाहायला मिळाला नव्हता. आपला पाठ कोणी पाहावा असे वाटत असेल तर आधी आपण जाऊन दुसऱ्याचा पाहावा, एवढेच मला सुचवायचे आहे.

प्रतिसाद : बकुळ

परदेशातील अध्यापनाचे शिक्षण घेऊन परतण्याचा हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, म्हणून थोडे मागे जाते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी शिकण्याबरोबर संस्कृत शिकवलेही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या किंडरगार्टन या बालशिक्षण पद्धतीचे शिक्षण घेतले. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. त्यांच्या धर्मांतराबद्दल पुष्कळ लिहिले जाते. एक शिकलेली शिक्षिका म्हणून त्या परत आल्या होत्या, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

ताराबाई मोडकांचे उदाहरण मला याहूनही जवळचे वाटते. पद्धत परदेशी होती, माँटेसरीची. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पण १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम सुरू झाले तेव्हा ती महागडी लाकडी साधने तेथे चालणार नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया आणि पाने घेतली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी कुरणात नेली. आज गावोगावी वापरला जाणारा अंगणवाडी हा शब्द तेथून आलेला आहे.

म्हणून बाईंना विचारावेसे वाटते, की निरीक्षणाखेरीज तिकडचे असे काही आहे का, जे येथे आणताना बदलावे लागले?

प्रतिसाद : सांगलीच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. यारानदी सर, तुम्ही सांगितलेले वाक्य मीही पुष्कळदा बोलले आहे. ते आता बंद करते.

बकुळ ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण त्यातच माझे सर्वांत मोठे शिकणे आहे. लेस्टरला दशक-एकक शिकवताना मुलांना फारसा त्रास होत नसे, कारण इंग्रजीत वीसच्या पुढे आधी दशक उच्चारतात आणि मग एकक. जसे ऐकू येते तसेच लिहायचे. परतल्यावर मी तीच आखणी, तेच पाठ मराठीत करून घेतले, आणि माझी मुले पस्तीस सांगितले की ५३ लिहू लागली. त्यांची चूक नव्हती. पस्तीसमध्ये पाच आधी ऐकू येतो आणि तीस नंतर. एका मुलाने एकोणचाळीस हा अंक ४१ असा लिहिला. मी त्याला शेजारी बसवून विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘बाई, एक आणि चाळीस.’ त्याचे तर्कशास्त्र बिनचूक होते. एकोण म्हणजे एक कमी, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मीसुद्धा नाही. आधीची दोन वर्षे मी अशा उत्तरांवर लाल फुली मारून पुढे गेले असणार. मूल असे का लिहिते हे थांबून विचारायची सवय मला लेस्टरने लावली, पण उत्तर लेस्टरकडे नव्हते, ते मराठीतच शोधावे लागले.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नबरोबर ‘पन्नास तीन’ असेही वाचन दिले गेले तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हा मीही भाषा बिघडेल असे म्हणणाऱ्यांच्या बाजूची होते. आज माझे मत वेगळे आहे. मी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मुलांच्या हातात देते, आधी ‘तीस आणि पाच’ असे म्हणून घेते आणि नंतर त्यालाच आपण पस्तीस म्हणतो असे सांगते. एकोणतीस, एकोणचाळीस यांच्यासाठी तीन किंवा चार पूर्ण गठ्ठे ठेवून त्यांतली एक काडी मुलांनाच काढायला लावते. पस्तीस हा शब्द कुठेही गेलेला नाही, उलट त्याच्या आत काय आहे ते मुलांना दिसते.

पाढ्यांचेही असेच. इंग्लंडमध्ये चौथ्या इयरच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची जूनमध्ये पाढ्यांची संगणकावर चाचणी होते, २५ प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद. तेथील बाईंनी एकदा मला आमच्याकडे पाढे कसे शिकवतात ते दाखवायला सांगितले. मी ‘बे एके बे, बे दुणे चार’ चालीवर म्हणून दाखवले आणि मुलांनी टाळ्या वाजवून ते तसेच म्हणून घेतले. बाई म्हणाल्या, ही लय तुम्ही सोडू नका. ती मी सोडलेली नाही. फक्त आता चालीबरोबर ठिपक्यांच्या ओळीही मांडते.

केंद्रप्रमुख सर, शनिवारची सूचना मी मुख्याध्यापिकांपुढे ठेवते आणि काय होते ते येथे कळवते.

प्रतिसाद : निवृत्त केंद्रप्रमुख

जरूर कळवा. आणि पाहणाऱ्या व्यक्तीला आधी एकच गोष्ट पाहायला सांगा. सगळे पाहायला सांगितले की ‘प्रतिसाद चांगला’ हेच लिहिले जाते.

प्रतिसाद : सांगलीच्या बाई (पाच आठवड्यांनंतर)

मुख्याध्यापिका लगेच हो म्हणाल्या. गेल्या चार शनिवारांपैकी तीन शनिवार त्यांनी चौथीचा वर्ग वीस मिनिटे घेतला आणि चौथीच्या बाई माझ्या वर्गात मागच्या बाकावर, मुलांच्याच बाकावर गुडघे वळवून बसल्या. उरलेला एक शनिवार सभेत गेला.

पहिल्या दिवशी त्या संकोचल्या होत्या आणि वहीत त्यांनी ‘छान’ एवढेच लिहिले. मग मी त्यांना सरांनी सांगितल्याप्रमाणे एकच काम दिले, की मी प्रश्न विचारल्यावर कोणता हात वर होतो आणि मी तो पाहते की नाही, एवढेच लिहा. दुसऱ्या शनिवारच्या नोंदीत असे होते, की दाराकडच्या रांगेतल्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाने दोनदा हात वर केला आणि दोन्ही वेळा मी फळ्याकडे तोंड करून होते. हा तोच एकोणचाळीसवाला मुलगा. प्रश्न १९ झाले होते. तिसऱ्या शनिवारी १५, आणि त्या मुलाने एकदा उत्तर दिले.

मुख्याध्यापिकांना चौथीच्या वर्गावर गेल्यावर काय वाटते ते मी विचारले नाही, पण गेल्या शनिवारी वीस मिनिटे संपूनही त्या बाहेर आल्या नाहीत आणि आम्हाला दारात थांबावे लागले.

या शनिवारी मी चौथीच्या बाईंच्या वर्गात बसणार आहे. काय पाहू, असे मी त्यांना काल विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘भिंतीकडच्या रांगेकडे पाहा. बाकी काही लिहू नका.’